शाळेतली पूर्व

भूगोल हा माझा विषय नव्हता, हे आधीच सांगून टाकते. बी.ए.ला मराठी आणि इतिहास, बी.एड.ला इतिहास आणि मराठी. पण शाळेत जागा रिकामी होती ती भूगोलाची, आणि संस्थेला त्या जागेत माणूस बसवायचा होता, विषय नव्हे. "इतिहास येतो ना? मग भूगोलाचं काय एवढं," असं मुलाखतीत एक सदस्य म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले, कारण मला नोकरी हवी होती. पिंगळी स्टेशनापासून पाच-सहा किलोमीटर आत ते गाव. पाचवी ते दहावीची शाळा. माझ्याकडे सहावी-आठवीचा भूगोल, दुसऱ्या वर्षापासून सातवीचाही, आणि दोन वर्षांचं प्रोबेशन. वडिलांशी करार असा की नोकरी कायम झाली तर माझ्या मनासारखं, नाही झाली तर त्यांच्या मनासारखं. म्हणजे परभणीला घरी परत आणि जिंतूरकडचं एक स्थळ त्यांनी धरून ठेवलेलं होतं, ते. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांपेक्षा माझी कायम झाल्याची ऑर्डर एक वर्ष उशिरा निघाली. त्या एका वर्षासाठी घरी जे भांडण झालं ते झालं. पण ते वर्ष गेलं कशात, हे एकदा लिहून ठेवायचं आहे.

राहायची सोय मुख्याध्यापकांच्याच घरी होती. सोळंके सर वडिलांचे शाळेपासूनचे मित्र, त्यामुळे घरात ते 'काका' आणि शाळेत 'सर'; मी घरात 'सुनंदा' आणि शाळेत 'मॅडम'. काकांचा कडक नियम होता: घरात शाळा बोलायची नाही, शाळेत घर बोलायचं नाही. सकाळी एकाच कढईतला चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन आम्ही दहा पावलांच्या अंतरानं निघायचो, आणि फाटकात शिरलं की ते मला असा नमस्कार घालायचे, जणू मी नुकतीच गाडीतून उतरले आहे. सुरुवातीला मला याची गंमत वाटली. दोन महिन्यांत वैताग आला. एखादी गोष्ट सरांनी नाकारली तर ती काकांकडे मागावी म्हटलं, तर काका ताटावरून बोट उचलून उंबरठ्याकडे दाखवायचे. त्यांच्या दृष्टीनं उंबरठ्याच्या आत शाळा नावाची वस्तू अस्तित्वातच नव्हती.

काकू मात्र एकच होत्या, आत-बाहेर सारख्याच. पहाटे भाकरी थापायचा त्यांचा आवाज हेच माझं घड्याळ. थप, थप, मग थोडी शांतता, म्हणजे भाकरी तव्यावर. मग पाण्याचा हात फिरवल्याचा चर्र आवाज. लांबून पिंगळीकडून गाडीची शिट्टी यायची आणि काकू न चुकता म्हणायच्या, "गाडी लेट हाय आज." गाडी कधी वेळेवर आहे असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, वर तेलाचा तवंग, त्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी आणि बाजूला जवसाची चटणी. "खा गं माय, शाळंत पोरं जीव खात्यात तुझा, अंगात काई असू दे," म्हणत त्या आणखी एक पळी वाढायच्या. आता येसर पाकिटात मिळतो. मी आणते, आमटी करते, आणि दरवेळी चिडून म्हणते की हे ते नव्हे. आणि तरी पुढच्या महिन्यात पुन्हा आणते.

पोरं जीव खायची हे अगदी खरं. सातवीचा वर्ग तर माझी परीक्षा बघायलाच जन्माला आला होता. अक्षवृत्तं शिकवायला घेतली, पृथ्वीगोलावर बोट फिरवून दाखवलं की या काल्पनिक रेषा आहेत. मागच्या बाकावरचा बालाजी उभा राहिला. "मॅडम, आपल्या गावातून जाती ती रेघ कुणाच्या रानातून जाती?" मी म्हटलं, अरे, ती खरी नसते. "खरी न्हाई तर आखली कामून? अन् धुऱ्यावरून जाती का मधून?" धुरा म्हणजे शेताचा बांध, त्यावरून गावात दोन खटले चालू होते, त्यामुळे वर्गाचा रस एकदम वाढला. अर्धा तास मी त्या रेषेला कुणाच्याही शेतातून जाऊ न देण्यात घालवला. चाचणीत बत्तीसपैकी अकरा मुलांनी लिहिलं की विषुववृत्त सरकारी जमिनीतून जातं. मी लाल पेन आपटला. काकूंनी विचारलं काय झालं, तर काकांनी उंबरठ्याकडे बोट केलं.

पण खरा छळ मुलांचा नव्हता, भिंतींचा होता. मी येण्याच्या आदल्या वर्षी शाळेत बोलक्या भिंती झाल्या होत्या. परभणीहून एक पेंटर आणून पाढे, म्हणी, फळं, थोर पुरुष असं सगळं ऑइल पेंटनं रंगवून घेतलं होतं. सातवीच्या वर्गात चार भिंतींवर चार दिशा होत्या, ठळक, निळ्या अक्षरात, भोवती वेलबुट्टी. आणि चारही चूक. पेंटरनं तीन शाळांचं काम एकदम घेतलं होतं. आधीच्या दोन शाळांची दारं उगवतीला, तिथं दारावर 'पूर्व' लिहून आला, म्हणून इथंही दारावर 'पूर्व' लिहिलं. आमच्या शाळेचं दार रस्त्यामुळे मावळतीला होतं. म्हणजे सकाळी खिडकीतून ऊन आत यायचं, पहिल्या बाकावरच्या मुलींच्या डोळ्यांवर पडायचं, आणि त्या खिडकीच्या वर निळ्या अक्षरात 'पश्चिम' असं लिहिलेलं असायचं. फळ्याच्या भिंतीवर 'दक्षिण', मागच्या भिंतीवर 'उत्तर'.

सातवीवर जायला लागल्यापासून माझ्या हे लक्षात यायला आठ दिवस लागले, हे सांगताना आजही ओशाळायला होतं. लक्षात आलं तेव्हा मी मुलांना विचारलं, "अरे, सूर्य कुठे उगवतो?" सगळे एका सुरात: "पूर्वेला!" मग हात करून दाखवा. बत्तीस हात दाराकडे गेले. मी म्हटलं, आणि सकाळी ऊन कुठून येतं? बत्तीस हात खिडकीकडे. त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. "मॅडम," बालाजीनं मलाच समजावलं, "ती उगवत हाय. पूर्व इकडं हाय, दाराकडं. ती शाळंतली."

मी डोकं धरून खुर्चीत बसले. ही मुलं घरी 'उगवतीच्या अंगाला बैल बांध' म्हटलं की अंधारातही चुकत नसत. पूर्व-पश्चिम हे त्यांच्यासाठी पुस्तकातले शब्द होते, आणि पुस्तकातल्या गोष्टी शाळेच्या भिंतीवर असतात, बाहेर नसतात. दोन वेगळ्या जगात ती सुखानं नांदत होती. त्रास फक्त मला होत होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेरेबुक काढून माझ्यासमोर ठेवलं. "वाचा मॅडम. गेल्या साली तपासणीच्या साहेबांनी लिहून दिलंय, बोलक्या भिंती उत्तम. आता आपणच सांगायचं का, की भिंती खोटं बोलायल्यात?" मी म्हटलं, सर, चार शब्द आहेत, चुन्याचा एक हात मारला तर काम होईल. "चुना मारला तर साहेब इचारतील, कामून मारला. मग काय सांगायचं?" विज्ञानाचे शेख सर तिथंच चहा पीत होते. त्यांनी तोडगा सुचवला: "मॅडम, नकाशा मागच्या भिंतीवर टांगा. भिंतीवर 'उत्तर' लिहिलंय, नकाशाची उत्तरही तिकडं. फिकर मिटली." विज्ञानाचा शिक्षक! मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले, तर ते म्हणाले, "नुसता सल्ला दिला. नाराज नका होऊ."

मग मी माझ्या परीनं लढायला घेतलं. काकूंच्या शिवणाच्या डब्यातली सुई मागितली, चुंबकावर घासली, वाटीभर पाण्यात पिंपळाच्या पानावर ठेवून वर्गात नेली. सगळी मुलं टेबलाभोवती गोळा झाली. पान हळूच फिरलं आणि सुईचं टोक फळ्याकडे तोंड करून थांबलं. फळ्यावर 'दक्षिण' लिहिलेलं. पान बोटानं हलवलं, पुन्हा फिरून तिथंच. "बघा," मी विजयानं म्हणाले, "हे टोक नेहमी उत्तरेकडे राहतं. म्हणजे काय झालं?" बालाजी वाटीवर वाकला, वर भिंतीकडे पाहिलं, परत वाटीत पाहिलं. "सुई खराब हाय, मॅडम," तो म्हणाला. माझ्यासाठी त्याला मनापासून वाईट वाटलं होतं.

तेवढ्यात एक मुलगी बोलली. प्रज्ञा, तिसऱ्या बाकावरची. तिचे वडील गवंडी होते आणि सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याबरोबर कामावर जायची, पायाची दोरी ताणताना दुसरं टोक धरायला. ती एरवी फारसं बोलत नसे. "सुई न्हाई, भितच खराब हाय," ती म्हणाली. "आमचे पप्पा पाया आखताना उगवतीलाच पूर्व म्हणत्यात." वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं वाटी दाराकडे नेली, खिडकीकडे नेली, बाहेर व्हरांड्यात नेली आणि परत आणून टेबलावर ठेवली. "कुठंबी न्या, तिकडंच बगायली." मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली आणि एक वाक्य बोलून बसले. म्हणाले, "जे खरं आहे ते कुणासमोरही सांगायचं, प्रज्ञा. मी आहे तुझ्या मागे."

तिनं ते वाक्य खरं मानलं. परिपाठाला सकाळी मुलं हात पसरून दिशा म्हणायची, शाळेतल्या. प्रज्ञानं उलटा हात करायला सुरुवात केली. रांगेत शेजारच्या मुलीला तिचा हात लागायचा, भांडण व्हायचं. तिसऱ्या दिवशी सरांनी तिला पुढे बोलावून नीट हात करायला सांगितलं. तिनं पुन्हा उगवतीच्या बाजूला हात केला. सरांनी तिला पहिला तासभर ध्वजाच्या कट्ट्यापाशी उभं केलं. ती उभी राहिली, उगवतीकडे तोंड करून, डोळ्यांवर ऊन घेत. मी खिडकीतून बघत होते आणि मला तिचा अभिमान वाटत होता. तिची बाजू घ्यायला मी बाहेर गेले नाही, हे मात्र मला त्या वेळी खटकलं नव्हतं. आता खटकतं.

त्यानंतर महिन्याभरात तपासणी लागली. आमच्याकडे तपासणी नेमकी हुरड्याच्या दिवसांत लागते, याचं मला पुढे कधी आश्चर्य वाटलं नाही. माझं प्रोबेशन संपत आलं होतं, अहवाल सर लिहिणार होते आणि त्यावर साहेबांची सही होणार होती. आदल्या संध्याकाळी वडिलांचं पत्र आलं की जिंतूरकडची मंडळी विचारत आहेत, काय ते कळव. काकूंनी माझा चेहरा बघून शेंगाची पोळी केली, वर तुपाची धार सोडली. काका जेवून उठले. हात धुताना, उंबरठ्याच्या आतच उभे राहून, त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. "सुनंदा, उद्या तेवढी पोरं नीट बोलू देत. तुझ्या बापाला शब्द दिलाय मी." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडेही पाहिलं. मी मान हलवली.

साहेब संस्थेच्या अध्यक्षांच्या शेतात हुरडा खाऊन दुपारी साडेबाराला शाळेत पोचले. ऊन डोक्यावर, खिडकीतही नाही आणि दारातही नाही. शर्टावर हुरड्याचा कोंडा, डोळ्यांवर झापड. सातवीत आले, खुर्चीत बसले, भिंतीवरून नजर फिरवली. कसला तास चाललाय? भूगोल. "अस्सं. ए मुली, तू. पूर्व दिशा दाखव बरं."

बत्तीस मुलं होती वर्गात. साहेबांचं बोट तिसऱ्या बाकाकडे गेलं.

प्रज्ञा उठली. तिनं खिडकीकडे हात केला. हात अगदी सरळ, खांद्याच्या रेषेत, परिपाठात शिकवतात तसा. साहेबांनी खिडकीवरचा शब्द वाचला आणि भुवया वर केल्या. "अगं, भिंतीवर एवढं मोठं लिहिलंय, ते तरी वाच. सातवीत ना तू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे असंच शिकवता का?" दारात सर उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, पायांकडे बघत होते. आणि प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. घाबरून नव्हे. ती वाट बघत होती, कारण आता माझी पाळी होती.

मला सांगता येणार नाही की मी गोंधळले. गोंधळायला वेळ लागतो. जिंतूरचं स्थळ, अहवाल, काकांनी दिलेला शब्द, हे सगळं माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट, ओळीनं उभं होतं, आणि मी त्याचा हिशोब करून तोंड उघडलं. "नीट बघ, प्रज्ञा," मी म्हणाले. "घाई करू नकोस. भिंतीवर काय लिहिलंय?"

मग तिनं हात खाली घेतला, वळली आणि दाराकडे केला. "शाब्बास!" साहेब म्हणाले. "घाबरली होती पोर." त्यांनी खिशातून एक पेन काढून तिच्या हातात दिला, नवा, सोनेरी टोपणाचा, आणि वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. शेरेबुकात साहेबांनी लिहिलं की भूगोलाचे अध्यापन समाधानकारक, विद्यार्थी धीट आहेत.

त्या संध्याकाळी काका खुशीत होते. वडिलांना पत्र टाकतो म्हणाले. काकूंनी आमटी वाढली आणि मी म्हटलं, भूक नाही. "तपासणी तर बरी झाली म्हनं," काकू म्हणाल्या, आणि मग हलक्या आवाजात, "मग तोंड कामून असं?" या घरात शाळा बोलायची नाही, हा नियम मला त्या दिवशी पहिल्यांदा सोयीचा वाटला, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. वर्षभर मी ज्यांच्या नावानं बोटं मोडत होते, पेंटर, साहेब, सर, नकाशा मागच्या भिंतीवर टांगणारे शेख सर, त्या सगळ्यांच्या रांगेत मी जाऊन उभी राहिले होते, आणि त्यांच्यापेक्षा वाईट, कारण मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिला तास सातवीवर होता. हजेरी घेतली. खडू उचलला आणि परत ठेवला. "काल मी साहेबांसमोर खोटं बोलले," मी वर्गाला सांगितलं. मला वाटलं होतं वर्ग सुन्न होईल, निदान कुजबूज तरी होईल. बालाजी उठला. "त्यात काय मॅडम, साहेब गेले की आता." पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आमी न्हाई सांगत कुणाला." आणि तिच्या शेजारची: "साहेब आल्यावर शाळंतलीच सांगायची असती, मॅडम." कुणालाही धक्का बसला नव्हता. मुलं माझी समजूत घालत होती. बारा-तेरा वर्षांची मुलं मला समजावत होती की मोठी माणसं असंच करतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नसतं. पुढे इतकी वर्षं नोकरी केली, वर्गात पुष्कळ चुकले, चिडले, ओरडले; पण त्या सकाळइतकी लाज मला कधी वाटली नाही.

प्रज्ञा उठून टेबलापाशी आली आणि तो पेन माझ्या हजेरीपटावर ठेवला. "हा तुमचा हाय, मॅडम," ती म्हणाली. "म्या खिडकी दाखवली व्हती. दार तुमी दाखवलं." रागानं नाही म्हणाली. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आली तर परत करावी, तशी म्हणाली.

ती जागेवर जायला वळली, तर मी तिला थांबवलं. हजेरीपटातला एक कोरा कागद फाडला, तो सोनेरी टोपणाचा पेन उघडला आणि उभ्या-उभ्याच लिहायला घेतलं. माननीय मुख्याध्यापक, सविनय निवेदन की सातवीच्या वर्गातील भिंतींवरील चारही दिशा चुकीच्या आहेत. कालच्या तपासणीत कुमारी प्रज्ञा हिने बरोबर दिशा दाखवली असता, माझ्याकडून नजरचुकीने तिला चुकीची दिशा सांगण्यात आली. हे निवेदन माननीय साहेबांकडे पाठवावे. प्रज्ञा टेबलाच्या कडेला हात टेकून माझ्याबरोबर एकेक ओळ वाचत होती. अर्ध्यावर तिनं कागदावर बोट ठेवलं.

"नजरचुकीनं न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "तुमी बगून सांगितलं."

मी तो शब्द खोडला. त्याच्यावर 'जाणूनबुजून' असं लिहिलं, खाली माझं पूर्ण नाव घातलं, आणि कागद घेऊन सरांच्या खोलीकडे निघाले.